रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा?

आशावादी : मदतच नाही, अशी तक्रार निदान पुण्यात तरी कोणाला करता येणार नाही, सर. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, बाल कल्याण समिती आहे, महापालिकेचा समाज विकास विभाग आहे आणि त्याच्या समूहसंघटिका वस्त्यांमधून फिरतात. व्यसन सोडायचं असेल तर येरवड्यात मुक्तांगण १९८६ पासून उभं आहे. मनातलं बोलायला १४४१६ आहे, फुकट. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ आहे, आणि तो क्रमांक तर १९९६ साली मुंबईतच सुरू झाला. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, पुढे आयटीआय आहे. तरीही सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कोयता घेऊन रस्त्याकडेच्या गाड्या फोडतो, त्याची रील टाकतो, पकडला जातो, आणि मग कळतं की यातल्या एकाही ठिकाणी त्याचं नाव कधी पोचलेलं नव्हतं. मदत आहे, मुलगाही आहे, दोघांची गाठ पडत नाही. ती घालून द्यायला फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक वस्तीत या सगळ्या जागा आणि तिथली माणसं ओळखणारं एक माणूस हवं. शाळा, दवाखाना, पोलीस चौकी, अंगणवाडी, कोणाच्याही नजरेला एखादं पोर घसरताना पडलं की त्या माणसाला कळवायची पद्धत हवी. एवढंच माझं म्हणणं आहे.

साशंक : तुझ्या यादीत एक नाव राहिलं. भाऊ. कुठल्याही वस्तीत जा, चौकातल्या फ्लेक्सवर तो असतो आणि खाली ओळीने पोरांचे फोटो असतात. गाठ पडत नाही म्हणतेस. गाठ पडते, ती भाऊशी पडते. पोराला रात्री दोन वाजता चौकीत बसवलं तर फोन भाऊला जातो आणि भाऊ वकील पाठवतो. आईला दवाखान्यात न्यायला गाडी भाऊची. बहिणीच्या लग्नातला मंडप भाऊचा. वह्या-पुस्तकं, दहीहंडीचा टीशर्ट, वर्गणीच्या टेबलावर बसायचा मान, सगळं तिथूनच येतं. तो आधार कार्ड मागत नाही, उत्पन्नाचा दाखला मागत नाही, साहेब मंगळवारी भेटतील असं सांगत नाही. आता आपल्याकडे बघ. बाल संगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात. योजना चांगली आहे, परिविक्षा अधिकारी म्हणून नोकरीत असताना मी कितीतरी अर्ज पुढे पाठवले. पण त्यासाठी आईने तहसीलमधून दाखला आणायचा, शाळेतून बोनाफाईड आणायचं, पासबुक, फोटो, मग गृहभेट, मग समितीपुढे हजर व्हायचं. ती चार घरची धुणीभांडी करणारी बाई. एक खाडा झाला तर बोलणी, तीन झाले तर एक घर गेलं. भाऊ पुढे काय मागणार हे पोराला पक्कं ठाऊक असतं. कोणाच्या तरी अंगावर धावून जायचं, कधी दुसऱ्याचा गुन्हा स्वतःवर घ्यायचा, कारण 'तू अठराच्या आतला, लगेच सुटशील'. हे माहीत असूनही तो तिकडेच जातो. त्याच्या हिशोबात भाऊ भरवशाचा आहे आणि आपण नाही. पत्ता ठाऊक नाही म्हणून तो आपल्याकडे येत नाही, असं तू धरून चालतेस. मला ते खरं वाटत नाही.

आशावादी : भाऊ भरवशाचा वाटतो हे मान्य. पण तो भरवसा कशाचा झालेला आहे? भाऊ जवळ राहतो, पोराला नावाने ओळखतो, आणि वेळ आली की सोबत येतो. यात गुंडगिरीचं काहीच नाही, मी याच तर गोष्टी मागतेय. सतरा नंबरच्या फॉर्मचं सांगते, कारण ते मी रोज बघते. कागदावर सोपं आहे: शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, ऑनलाइन अर्ज. आता प्रत्यक्षात बघा. मुलगा आठवीतून सुटलेला. दाखला आणायला त्याच शाळेत जायचं, जिथून सगळ्या वर्गादेखत त्याला बाहेर काढलं होतं. फाटकापर्यंत तो येतो. तिथे थांबतो, चपलेने माती उकरत राहतो आणि म्हणतो, 'ताई, तुम्हीच जाऊन या ना.' आत क्लार्क सांगतात, पालकांना घेऊन या. पालक आले की कळतं, दाखल्यावर जन्मतारीख एक आणि आधारवर दुसरी. दुरुस्तीला जन्माचा दाखला लागतो. जन्म गावी झालेला, धाराशिवकडे, ग्रामपंचायतीत नोंद केली होती का हे आईला आठवत नाही, बाप विचारायला नाही. बहुतेक मुलं इथे सोडून देतात, आणि आपण म्हणतो याला शिकायचंच नव्हतं. त्याच मुलासोबत क्लार्कशी शांतपणे बोलणारं, ग्रामसेवकाला फोन लावणारं, दोनदा परत पाठवलं तरी तिसऱ्यांदा जाणारं कोणी असेल, तर तो फॉर्म भरतो आणि परीक्षेला बसतो. भिंतीवर १०९८ रंगवून हे होत नाही. सतरा वर्षांचा मुलगा स्वतःला बालक समजतच नाही, तो बालकांच्या क्रमांकाला फोन कशाला करील?

साशंक : सोबतीला माणूस देऊन बघितलेलं आहे, आणि तेही आपल्यापेक्षा कितीतरी नेटाने. १९३९ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन गावांत रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांनी एक उपक्रम उभा केला. ५०६ मुलगे निवडले. वय, घर, वस्ती, स्वभाव बघून त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला मदत दिली, दुसऱ्याला दिली नाही, आणि कोणाला द्यायची हे नशिबावर सोडलं. मदत म्हणजे तू सांगतेस तीच: घरी येणारा, मुलाला ओळखणारा समुपदेशक, अभ्यासाला शिकवणी, दवाखान्याची सोय, उन्हाळी शिबिर, घरच्यांना आधार. सरासरी पाच वर्षं हे चाललं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ती मुलं, म्हणजे तोवर मध्यमवयीन झालेली माणसं, शोधून काढली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं, आमचं भलं झालं. नोंदी उलट सांगत होत्या. दारूची लक्षणं, गंभीर मानसिक आजार, पुन्हा गुन्हा, लवकर मरण, या सगळ्यांत मदत मिळालेले गडी मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाले. तो अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी नोकरीत होतो, आणि माझ्यासमोरच्या फायलींकडे बघवेना. तू म्हणतेस, सोबत असली की मुलगा फॉर्म भरतो. भरतो, मी पाहिलंय. पण फॉर्म भरलेला मुलगा तिसाव्या वर्षी कुठे असतो, हे तुझ्यामाझ्यापैकी कोणी मोजलेलं नाही. आपल्याला चांगलं वाटतं, त्यालाही चांगलं वाटतं, एवढ्यावर योजना उभी करायला मी आता घाबरतो.

आशावादी : त्या अभ्यासाचा पुढचा भागही सांगा ना, सर. मॅकॉर्ड यांनीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तीच माहिती पुन्हा उलगडली. नुकसान मुख्यतः कुणाचं झालं? ज्यांना एकाहून जास्त वेळा उन्हाळी शिबिरांना पाठवलं, त्यांचं. मुलं तिथे एकत्र आली आणि एकमेकांना शौर्याच्या गोष्टी सांगत राहिली, असा त्यांचा कयास होता. म्हणजे सोबत देण्यात खोट नव्हती, सगळ्यांना एका कळपात बसवण्यात होती. आपल्याकडे तेच चालतं. एखादी घटना घडली की 'वाट चुकलेल्या मुलांसाठी' खास शिबिर, खास क्रिकेट सामने, पाहुण्यांचं भाषण, फोटो. मला हे नकोच आहे. मला मुलगा अशा ठिकाणी न्यायचाय जिथे तो एकटाच 'तसला' असेल आणि कोणाला ते ठाऊक नसेल. पुण्यात अशी जागा आयती आहे: ढोल-ताशा पथक. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी संध्याकाळी सराव चालतो. बँकेतली मुलगी, इंजिनिअरिंगचा मुलगा, किराणा दुकानदाराचा पोरगा एका ओळीत उभे असतात. उशीर झाला की बाहेर उभं राहावं लागतं, मग तुम्ही कोणीही असा. ढोल कसा ताणायचा, हात कधी थांबवायचा, हे शिकायला महिना जातो आणि त्या महिन्यात शेजारचा आपोआप ओळखीचा होतो. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला, तिथे खेळून मोठे झालेले पुढे प्रशिक्षक झाले. मुक्तांगणमध्येही व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्याने आलेल्याला सांभाळतात. सेवा म्हणजे नेहमी सरकारी खिडकीच असायला हवी असं नाही. वस्तीच्या आसपास जे जिवंत आहे त्याच्याशी मुलाला जोडायचं आणि आपण बाजूला व्हायचं.

साशंक : पथकात तो एकटाच 'तसला' असेल आणि कोणाला ठाऊक नसेल, म्हणालीस. पण तू त्याला तिथे नेणार कसा? कोणीतरी तुला त्याचं नाव कळवणार, तू ते लिहून ठेवणार, तुझ्या संस्थेला अहवाल द्यायचा असतो म्हणून ते पुढे पाठवणार. इथून माझी खरी भीती सुरू होते. 'धोक्यातली मुलं' ठरवणार कोण? शिक्षक कोणाचं नाव देतील? पारधी वस्तीतल्या मुलाचं, वडाराच्या, कैकाड्याच्या मुलाचं आधी देतील. मुद्दाम नाही देणार, नजरेला तेच आधी पडतं म्हणून देतील. आपल्या देशाने हे एकदा करून पाहिलंय. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. मूल अशा जमातीत जन्मलं की तेवढ्यावर त्याच्याकडे संशयाने बघायला कायद्याचा आधार होता. अशा जमातींना ठेवायला केलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटला कुंपण होतं, हजेरी होती, आणि लक्षात घे, शाळाही होती, गिरणीत कामही दिलं जायचं. त्या सगळ्याला सुधारणाच म्हणत. कायदा १९५२ मध्ये गेला, पण काही चोरी झाली की पोलीस आजही आधी त्याच पालांवर जातात. सेवा आणि यादी एका हाताने आली की सेवा विसरली जाते, यादी राहते. गाड्यांची तोडफोड झाली की पोलीस आरोपींना त्याच गल्लीतून चालवत नेतात. अठराच्या आतल्याला तसं नेता येत नाही, पण त्याच्या मोठ्या भावाला नेतात आणि घर सगळ्यांना कळतं. त्या घरातला धाकटा उद्या तुझ्या यादीत आला, तर पथकाच्या प्रमुखाच्या कानावर ते जायला किती वेळ लागेल?

आशावादी : ही भीती मलाही आहे. पण कायदा मुलाच्या बाजूने जितका उभा आहे तितकाही आपण वापरत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाची ओळख उघड करायला बंदी घातली आहे. प्रकरण संपल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांना त्याची नोंद बाहेर काढता येत नाही. गुन्हा अगदी गंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल तर एफआयआरही होत नाही, स्टेशन डायरीत नोंद होते. बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यात घर, शाळा, संगत, व्यसन, सगळं यायला हवं, आणि पुढे काय करावं तेही. तो अहवाल नीट झाला तर वेगळ्या यादीची गरजच नाही.

साशंक : ते पंधरा दिवस मी जगलोय. घरी जायचं, तर पत्ता म्हणजे 'मारुती मंदिरामागे'. शेजारच्यांना विचारायचं, तर विचारल्याबरोबर वस्तीला कळतं की साहेब आला होता. म्हणून बरेच अहवाल फोनवर होतात, आणि मग प्रत्येकात तीच वाक्यं सापडतात: वाईट संगत, पालकांचं दुर्लक्ष, समुपदेशनाची गरज. ज्या आईचं दुर्लक्ष म्हणून लिहिलं जातं ती पहाटे पाचला कचरा वेचायला बाहेर पडलेली असते. दुर्लक्ष लिहिताना माझाही हात अडखळायचा. तरी छापील रकान्यात दुसरा शब्दच नव्हता.

आशावादी : म्हणूनच मी यादीऐवजी वेळ शोधतेय. काही क्षण असे असतात की मुलगा स्वतःच हलतो. ग्लासगोमध्ये २००५ पासून पोलिसांच्या एका पथकाने हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली. पुढे २०१५ च्या अखेरीस तिथल्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात सोबती नेमले. चाकू लागून आलेल्या मुलाच्या खाटेशेजारी हा माणूस बसतो, बरेचदा स्वतः त्या आयुष्यातून गेलेला असतो, आणि विचारतो, 'घरी कोण आहे? उद्या कुठे जाणार?' त्याआधी या मुलाचं नाव कोणत्याही यादीत नसतं. आता ससूनचा अपघात विभाग डोळ्यापुढे आणा. मध्यरात्री रिक्षातून एक पोरगा येतो. दंडावर वार, अंगावर रक्ताने ताठ झालेला शर्ट. टाके घालताना तो डॉक्टरांना सांगतो, 'गाडीवरून पडलो.' बाहेर दोन मित्र उभे असतात, त्यांचे फोन सारखे वाजत असतात. बदला घ्यायचं त्याच रात्री ठरत असतं. त्या बाकावर त्या वेळी एक माणूस बसलेला असणं, एवढीच माझी मागणी आहे. तिथून पुढे पथक असो, आयटीआय असो, काही दिवसांसाठी गावच्या मामाकडे पाठवणं असो. जागा नंतर शोधता येते.

साशंक : ससूनच्या त्या बाकावर आज कोण बसलेला असतो? पोलीस. वार झालेला रुग्ण आला की नोंद पोलीस केस म्हणून होते, डॉक्टरांना कळवावंच लागतं. म्हणून तर तो गाडीवरून पडलो म्हणतो. तुझा सोबती त्याच्या शेजारी बसला तरी मुलाला तो पोलिसांचाच वाटणार. मुलींचं तर याहून अवघड आहे. किशोरवयीन मुला-मुलींसाठी सरकारी रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं. सतरा वर्षांची मुलगी दिवस गेले म्हणून तिथे आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरांना पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे, नाही कळवलं तर त्यांनाच शिक्षा. सोबतचा मुलगा एकोणीस वर्षांचा असला, दोघांचं जमलेलं असलं, तरी तो आत जातो. कायदा त्या मुलीच्या रक्षणासाठीच केला आहे आणि बळजबरीच्या प्रकरणात तो हवाच. पण वस्तीतल्या मुली यातून एकच गोष्ट शिकल्या: सरकारी दवाखान्यात जायचं नाही. मग त्या जिथे जातात तिथे काय होतं, ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असशील.

आशावादी : पाहिलंय. एका मुलीला तर आम्ही फार उशिरा गाठलं. पण तिथेही कायदा थोडा हलला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख सांगायची गरज नाही. व्यसनाच्या बाबतीत अमली पदार्थांच्या कायद्यात आधीपासूनच तरतूद आहे: थोड्या प्रमाणात जवळ बाळगलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला आला तर त्याच्यावर खटला चालत नाही. म्हणजे शिक्षेच्या भीतीने माणूस मदतीपर्यंत येत नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही कळतं. तीच सवलत थोडी पुढे न्यायला हवी.

(इथे लिहिणाऱ्याला मध्ये एक गोष्ट सांगायची आहे. मुलगा घसरला तर काचा फुटतात, बातमी होते, आयुक्त बैठक घेतात. मुलगी घसरते तेव्हा काहीच फुटत नाही. तिचं नाव पटावरून कमी होतं, महिनाभरात लग्न होतं आणि घरचे, शाळा, वस्ती सगळे प्रश्न मिटला असं धरतात. या विषयावरची आपली बहुतेक चर्चा आणि बहुतेक पैसा काचेच्या आवाजामागे जातो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि या दोघांनी मुलींकडे वळायला एवढा वेळ लावावा याचंही वाईट वाटतं.)

साशंक : समजा कायदा तू म्हणतेस तसा हलला. बाकावर बसणाऱ्या माणसाला पगार कोण देणार? जिल्हा बाल संरक्षण कक्षातली माणसं कंत्राटी आहेत. मानधन उशिरा येतं, चांगला कार्यकर्ता लग्न ठरलं की दुसरी नोकरी बघतो. संस्थांचे प्रकल्प ठरावीक वर्षांचे, देणगीदाराचा विषय बदलला की केंद्राला कुलूप. तुझा सोबती मुलाला 'मी आहे' म्हणणार आणि मार्चअखेर गायब होणार. ज्याला बापाने सोडलं, शाळेने सोडलं, त्याला आणखी एका चांगल्या माणसाने सोडलं. यापेक्षा तो आला नसता तर बरं, असं मला कधीकधी वाटतं. आणि अठरावा वाढदिवस. बाल संगोपनचे पैसे अठराव्या वर्षी थांबतात. संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला अनुरक्षणाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत, क्वचित तेविसाव्यापर्यंत आहे. पण जो संस्थेत कधी गेलाच नाही, जामिनावर घरीच राहिला, त्याच्यासाठी अठरा म्हणजे अठरा. कल्याणीनगरचं मे २०२४ चं प्रकरण आठव. पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, आणि काही तासांत त्या मुलाला जामीन मिळाला, ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. लोक निबंधावर चिडले. मी वेगळ्याच गोष्टीकडे बघत होतो: काही तासांत त्याच्याभोवती किती माणसं उभी राहिली. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे ही माणसं जन्मापासून असतात आणि अठराव्या वर्षी संपत नाहीत.

आशावादी : ती माणसं पैशाने येतात हे खरं, पण ती येतात म्हणून त्या घरातल्या पोराला दुसरी संधी मिळते हेही खरं. मला वस्तीतल्या पोरासाठी तेवढंच हवंय. आणि त्या प्रकरणानंतर राग निघाला तो कायद्यावर. 'अल्पवयीनांना सोडू नका' अशी ओरड झाली आणि तिचा भार पोर्शेतल्या मुलावर पडत नाही, तो येरवड्याच्या मंडळापुढे चप्पल घालून उभ्या राहिलेल्या मुलावर पडतो. माणूस टिकत नाही, ही तुमची हरकत मला सगळ्यात खरी वाटते. म्हणून सोबती संस्थेचा नको, महापालिकेचा हवा, पण आशाताई किंवा अंगणवाडीताई असते तसा त्याच वस्तीतला, आणि मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत एकच. पत्ता दिला की सेवा दिली असं आपण मोजतो, ते बंद करायला हवं. वर्षभरानंतर मुलाला त्या माणसाचं नाव सांगता येतं का आणि रात्री दोन वाजता तो त्याला फोन करतो का, हे मोजायला हवं. तुम्ही मॅकॉर्डचं सांगितलंत, तेव्हापासून माझ्या मनात हेही आहे की तिसाव्या वर्षीही विचारायला जायचं.

साशंक : महापालिकेचा म्हणजे नगरसेवकाचा, हे विसरू नकोस. वस्तीतला माणूस कोणाच्या शब्दाने नेमला जाईल? बघता बघता तो भाऊचाच माणूस होईल, आणि मग मुलांची सगळी माहिती सरकारी पगारात भाऊकडे. एवढं सांभाळलंस तरी माझी एक अट राहतेच. मुलाने त्याला जे सांगितलं ते पोलिसांकडे जाता कामा नये. अजिबात नाही.

आशावादी : अजिबात नाही, हे मला मान्य करता येणार नाही. उद्या संध्याकाळी अमक्याला उडवणार आहोत, असं एखाद्याने सांगितलं तर मी गप्प बसणार नाही. तो अमकाही सतराचाच असेल, पलीकडच्या गल्लीतला असेल, कदाचित त्याच्या आईसोबत मीच तहसीलला गेलेली असेन.

साशंक : मग ते पहिल्याच दिवशी सांग. काय ऐकलं तर पोटात ठेवीन आणि काय ऐकलं तर ठेवणार नाही.

आशावादी : सांगितलं तर ज्याच्या डोक्यात असं काही चाललंय तोच दुसऱ्या दिवशी येणार नाही. आणि हे सगळं चाललंय ते मुख्यतः त्याच्यासाठी. बाकीच्यांना एखादी मावशी, एखादे सर, एखादं पथक सांभाळून घेतं.

साशंक : न सांगता जो आला, विश्वासाने बोलला आणि तुझ्या एका फोनमुळे आत गेला, त्याच्यानंतर त्या गल्लीत तुझ्याशी कोण बोलेल?

आशावादी : बरेच दिवस कोणी नाही. पण दुसरा मुलगा जिवंत असेल. तुम्ही काय केलं असतं, सर?

साशंक : मी अहवाल मंडळाकडे देण्याआधी मुलाला वाचून दाखवायचो. तसा नियम नव्हता. काही मुलं ऐकता ऐकता उठून गेली, त्यातला एक आता रिक्षा चालवतो, एकाचं नाव मी पुढे पेपरात वाचलं. तरी मी आजही वाचूनच दाखवीन. आपल्यामागे काय लिहिलं जातंय हे ज्याला कळत नाही, तो कोणाचाच होत नाही.

आशावादी : मी पहिल्या दिवशी नाही सांगणार. तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगीन, बोलायची सवय झाल्यावर, पण त्याने मोठी गोष्ट बोलायच्या आधी.

साशंक : आणि ती वेळ आता आली, हे तुला त्याच्या आधी कळणार कसं?